शेवटच्या डावातली नावं

आमचे हे ऑगस्टमध्ये गेले, आणि ज्या दैनिकासाठी त्यांनी उभा जन्म मैदानं तुडवली त्या दैनिकाने त्यांना मरणोत्तर क्रिकेटप्रेमी करून टाकलं. दोन ओळी, त्याही लग्नाच्या वाढदिवसांच्या खाली. 'ज्येष्ठ क्रिकेटप्रेमी श्यामसुंदर गानू यांचे अल्पशा आजाराने निधन.' आजार अल्पसा नव्हता, ते जाऊ दे. पण या माणसाने आयुष्यात क्रिकेटवर एक ओळ लिहिली नाही. 'त्यावर लिहायला अख्खं गाव बसलंय' असं म्हणून हे खो-खोच्या, मल्लखांबाच्या आणि सगळ्यांत जास्त बेसबॉलच्या मागे हिंडले. पुण्यात राहून बेसबॉल! लोक विचारायचे, म्हणजे काय हो? आणि विचारणाऱ्याची सुटका पुढचा तासभर होत नसे.

मी दैनिकाला फोन केला. क्रीडापानावर श्रीधर नावाचा उपसंपादक बसतो, ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की दुरुस्ती छापायची तर चुकीमुळे कोणाचं तरी नुकसान झालेलं असावं लागतं. गानूसाहेब क्रिकेटप्रेमी ठरल्याने नेमकं कोणाचं नुकसान झालं, ते मी कळवावं. मी फोन ठेवला नाही, आपटला.

नुकसान माझं झालं होतं, आणि ते कोणत्या शब्दांत कळवायचं हे मला सुचत नव्हतं. खरं सांगायचं तर या खेळाने माझे आयुष्यभराचे रविवार खाल्ले. हे सकाळी सात वाजता स्कूटरला किक मारत आणि नारायण पेठेतून थेट धायरीला जात. तेव्हा धायरी म्हणजे गाव होतं, आता सिंहगड रस्त्याने गेलं की गाव कुठे सुरू होतं ते इमारतींमधून शोधावं लागतं. संध्याकाळी हे परत येत ते लाल मातीने माखलेले पायजमे घेऊन. सवत असती तर निदान तिचं तोंड बघता आलं असतं. मी त्या मैदानावर एकदाही पाऊल ठेवलं नाही. हट्टच होता म्हणा.

पण न जाताही मला तिथलं सगळं पाठ होतं, कारण जेवताना दुसरा विषय नसे. धायरीच्या शाळेत सर्जेराव रायकर नावाचे कसरतीचे मास्तर होते, गावाचे गुरुजी. एका शिबिरातून ते एक दांडा, एक चामड्याचा हातमोजा आणि खेळाचे नियम डोक्यात घेऊन आले, आणि त्यांनी गावातली पोरं गोळा केली. ज्वारीवरची पाखरं हाकलायला गोफण फिरवून ज्यांचे खांदे तयार झाले होते, त्यांना चेंडू फेकायला वेगळं शिकवायला लागलं नाही. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर टाकायच्या गाद्या आणणार कुठून? म्हणून तीन कोपऱ्यांवर भुशाची पोती टाकली. चौथा कोपरा, जिथून फटका मारायचा आणि चक्कर पुरी करून जिथे परत यायचं, त्याला अमेरिकेत 'होम' म्हणतात. धायरीत त्याला उंबरा म्हणायला लागले. फटका मार, पहिलं पोतं, दुसरं पोतं, तिसरं पोतं, आणि उंबरा गाठ, की एक धाव. पुरुषांना घरी परत यायला किती कष्ट पडतात हे त्यांनी स्वतःच कबूल केलेला हा एकच खेळ असावा.

गुरुजींच्या खुणा हे तर ह्यांचं आवडतं पक्वान्न. तिसऱ्या पोत्याजवळ उभं राहून प्रशिक्षकाने हाताने खुणा करायच्या आणि धावणाऱ्याने त्या निमूटपणे पाळायच्या. विचार करायचा नाही. विचार करायला प्रशिक्षक आहे. नाकाला हात लावला की थांब, कोपराला लावला की पुढच्या पोत्याकडे सरक. आणि हात डोक्याला लावून सरळ कमरेशी नेला, की उंबरा चोर. म्हणजे फटक्याची वाटच बघायची नाही, चेंडू फेकणाऱ्याच्या हातात असतानाच तिसऱ्या पोत्यावरून घराकडे सुटायचं. ही खूण गुरुजींनी साऱ्या आयुष्यात एकदा केली म्हणे. तो प्रसंग सांगताना ह्यांची भाजी गार व्हायची, आणि दर वेळी मी ती परत तापवायची.

गुरुजी मार्चमध्ये गेले. जूनमध्ये गेनबा पोकळे गेला. तो उंबऱ्यामागे उकिडवा बसून चेंडू झेलायचा, पंचविशीपासून पन्नाशी उलटेपर्यंत. दूध घालून यायचा आणि मुखवटा चढवायचा. ह्यांनी आजारपणात, उशीला टेकून, दोघांवरही लिहिलं. काय लिहिलं होतं! मला, जिला या खेळाचा तिटकारा, तिला ते वाचून रडू आलं. दैनिकाने दोन्ही लेख जागेअभावी ठेवून घेतले. आणि मग हेही गेले, क्रिकेटप्रेमी म्हणून. तीन माणसं एका वर्षात गेली, आणि त्यांनी जे केलं त्याबद्दल कुठेही एक अक्षर छापून आलं नाही.

दिवाळीच्या आधी हिंदुराव रायकर आमच्या जिन्यावर हजर झाले. धायरीचा संघ चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष, गुरुजींचे थोरले भाऊ, डोक्याला फेटा, हातात घरच्या गुळाची ढेप. त्यांनी मंडळाचा रिवाज सांगितला. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या पोत्यावर खेळणारा एक तरणा पोरगा अपघातात गेला. पुढच्या सामन्याला त्याची आई मैदानात आली, पोराच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि हलेना. पंच गडबडला. गुरुजी म्हणाले, राहू द्या, डाव चालू करा. ती माउली शेवटचा सगळा डाव तिथे उभी राहिली, आणि फळ्यावर नाव पोराचंच ठेवलं. तेव्हापासून दिवाळीनंतरच्या रविवारी सामना होतो. वर्षभरात मंडळाचं जे माणूस गेलं असेल, त्याच्या जागेवर शेवटच्या डावात त्याच्या घरचं माणूस उभं राहतं. फळ्यावर नाव गेलेल्याचंच.

मी म्हटलं, आमचे हे तर तुमचे खेळाडू नव्हते. हिंदुरावांनी ढेप टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. "गानूसायेब आमचे न्हवते, तर मग कुनाचे व्हते?"

ह्यांची जागा म्हणजे करंजाच्या झाडाखालची घडीची खुर्ची. तिथे बसून हे सामना बघत, आणि संपला की तिथूनच दैनिकाला फोनवर बातमी सांगत. मला तेच करायचं होतं. मग मी दुसऱ्या दिवशी दैनिकाच्या कचेरीत गेले. श्रीधरने खुर्ची दिली, चहा विचारला नाही. मी म्हटलं, तिघांच्या स्मरणाचा सामना आहे, बातमी घ्या. तो म्हणाला, शोकसभा आम्ही घेत नाही, रविवारी निम्म्या पुण्यात शोकसभाच असतात. सामना असेल तर निकाल घेऊ. पण निकालसुद्धा बातमी असला पाहिजे. समोर कोण? खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीचा संघ? मग खराडी जिंकली ही बातमी नव्हे, ती दर वेळी जिंकते. धायरी जिंकली, तर पाचच्या आत फोन करा.

जिना उतरताना रागाने माझे कान तापले होते. म्हणजे धायरीने जिंकायलाच हवं होतं. ज्या खेळाचा जन्मभर राग केला, त्या खेळात कोणीतरी जिंकावं म्हणून मी जिन्यातच तळ्यातल्या गणपतीला साकडं घातलं.

रविवारी सकाळी रिक्षा करून मी धायरीला पोचले. शाळेमागे ते मैदान, मागे टेकडी, लांब सिंहगड. लाल माती बघितल्याबरोबर ओळखली, तीस वर्षं धुतली होती मी ती. मैदानाच्या कडेला मांडव, सतरंज्या, आणि निम्मं गाव. फळ्यावर खडूने दोन्ही संघांची नावं लिहिलेली होती.

गेनबाची बायको शकू आणि गुरुजींची बायको मथुराबाई, दोघींशी माझी गाठ तिथेच पहिल्यांदा पडली. शकू पन्नाशीची, काटक, बोलताना मान हलवणारी. मथुराबाई माझ्या वयाच्या, शांत, हातात प्रसादाची वाटी. मी त्यांना विचारत होते की तुम्हाला तिसऱ्या पोत्यापाशी उभं करणार म्हणे, खुणा येतात का तुम्हाला. त्या काही बोलणार तेवढ्यात हिंदुराव समोरून आले, आणि मथुराबाईंचा हात आपसूक डोक्याकडे गेला. थोरले दीर. पदर डोक्यावर आला आणि हिंदुराव पुढे जाईपर्यंत तोंडातून शब्द निघाला नाही. ते गेल्यावर म्हणाल्या, "मला कुठल्या खुणा येत्यात? ह्यांनी घरात कधी चहासाठीसुदिक खूण क्येली न्हाई. वरडायचे."

खराडीचा संघ दोन गाड्यांतून आला. निळे कपडे, कोरे हातमोजे, पाठीवर आडनावं. त्यातले चौघे जण कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत राहून आलेले, आणि तिथे हा खेळ शिकलेले. कर्णधार निनाद. पोरगा गोड होता. रिवाजाबद्दल कळल्यावर तो आम्हा तिघींसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आंटी, लास्ट इनिंगला आम्ही थोडं स्लो खेळू का? म्हणजे रिस्पेक्ट म्हणून."

मथुराबाईंनी त्याला प्रसाद दिला. "का बरं? त्ये मेल्यात. आमी न्हाई."

सामना सुरू झाला आणि मी खुर्चीत बसले. खुर्चीच्या उजव्या दांडीवर ह्यांच्या बोटांनी रंग गेलेला होता. पहिला अर्धा तास मी शोकात होते. त्यानंतर मात्र कोणत्या क्षणी मी उभी राहिले ते मला सांगता येणार नाही. खराडीचा एक उंच पोरगा चेंडू फेकायचा. हात वर न्यायचा, पाय उचलायचा, सगळं अंग वळवायचा, आणि मग असा फेकायचा की चेंडू दिसायचाच नाही, नुसता हातमोज्याचा फट्ट आवाज यायचा. खराडी पुढे गेली. धायरीच्या संपतने मैदानाच्या टोकाला फटका मारला, धायरीने गाठलं. खराडी पुन्हा पुढे. टेंपो चालवणारा भैरू बेनकर इतका जोरात धावायचा की त्याचा एक बूट दुसऱ्या पोत्यापाशीच राहिला आणि तो तसाच तिसऱ्यावर पोचला. मी ओरडत होते. शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं. मला या माणसावर राग आला, माझ्या नवऱ्यावर. तीस वर्षं हे सगळं हा एकटा बघत होता आणि मला घरी भाजी तापवायला ठेवत होता! मग आठवलं, चल म्हणून दर रविवारी विचारायचे ते. मीच नाही म्हणायची.

शेवटचा डाव आला तेव्हा खराडी एका धावेने पुढे होती. खेळ थांबला. फळ्यावरच्या नावांत दोन बदल झाले, आणि एक नाव वाढलं. उंबऱ्यामागे: गेनबा पोकळे. प्रशिक्षक: सर्जेराव रायकर. आणि सगळ्यांत खाली, जिथे कधी कोणाचं नाव नसतं तिथे: बातमीदार, श्यामसुंदर गानू. कोणी भाषण केलं नाही. टाळ्यासुद्धा नाहीत. संपतने गेनबाचं जुनं छातीचं कवच शकूला बांधून दिलं. तिने लुगड्याचा काचा घट्ट केला, मुखवटा कपाळावरून खाली ओढला, आणि ती उंबऱ्यामागे उकिडवी बसली. असं बसायला खराडीच्या चेंडू झेलणाऱ्या पोराला गुडघ्याचे पट्टे लागत होते. शकूने जन्मभर म्हशी पिळल्या होत्या.

खराडीची फलंदाजी. पहिले चेंडू शकूने झेलले तेव्हा मला वाटलं, ती घाबरली आहे. मग माझ्या लक्षात आलं की ती घाबरलेली नाही, वैतागलेली आहे. चेंडू वाकडा आला की ती धायरीच्या चेंडूफेक्याकडे बघून मान हलवायची. पुढे मी तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, त्यांचा सराव परड्यात चालायचा, समोर बसायला दुसरं कोण व्हतं? खराडीचे दोघे बाद झाले, तिसरा बाद झाला की त्यांचा डाव संपणार. मग एकाने लांब फटका मारला आणि तिसऱ्या पोत्यावर जाऊन उभा राहिला. पुढच्याने उजवीकडे मारला. तिसऱ्यावरचा पोरगा घराकडे सुटला. संपतने चेंडू उचलला, गोफणीच्या खांद्याने फेकला, आणि चेंडू आणि पोरगा दोघेही एकदमच शकूकडे यायला लागले. पोरगा उंच, धिप्पाड, निळा. शकू उंबऱ्यावर आडवी झाली. धूळ उडाली. काही दिसेना. मग त्या धुळीतून एक हात वर आला, हातात बांगड्या आणि जुना मोजा, आणि मोज्यात चेंडू.

पोराने उंबरा शिवायच्या आत तो मोजा त्याला लागला होता, आणि पंचाने बादचा हात वर केला. माझा घसा तिथेच बसला. धूळ झटकत उठलेला तो धिप्पाड पोरगा शकूला हात देऊन उठवत होता आणि ती त्याला काहीतरी सांगत होती. पुढे कळलं, ती म्हणत होती, लागलं न्हाई ना रं बाळा.

आता धायरीची पाळी. मथुराबाई तिसऱ्या पोत्याजवळच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या. हात दोन्ही बाजूंना, देवळात उभं राहावं तसे. खरोखरच त्यांना काही येत नव्हतं, आणि संघातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. पण प्रत्येक धावणारा तिसऱ्या पोत्याकडे बघत होता, कारण गुरुजींनी तशीच सवय लावली होती. त्या चौकटीत जे कोणी उभं असेल त्याच्याकडे बघायचं.

पहिल्याने पहिलं पोतं गाठलं. दुसरा बाद. मग भैरू आला, दोन्ही बूट दोरीने बांधून. त्याने असा फटका मारला की चेंडू खराडीच्या डोक्यांवरून टेकडीच्या दिशेला गेला. पहिल्या पोत्यावरचा घरी आला. बरोबरी! भैरू तिसऱ्या पोत्यावर पोचला आणि पालथा पडला. पुढचा खेळाडू तीन चेंडूंत बाद. आता दोन बाद, भैरू तिसऱ्यावर, आणि दांडा घेऊन आला तो मंडळातला सगळ्यांत कच्चा खेळाडू, ज्याला त्या दिवसभरात चेंडू लागला नव्हता. मी फोन हातात घट्ट धरून उभी होते. बरोबरी ही बातमी असते का, ते मी श्रीधरला विचारलंच नव्हतं.

याच वेळी हिंदुरावांना मांडवात बसवेना. ते उठले, फेटा सावरत मैदानाच्या कडेने चालत निघाले, आणि थेट तिसऱ्या पोत्यासमोर, मथुराबाईंच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

मथुराबाईंचा हात डोक्याकडे गेला. पदर डोक्यावर आला. टेकडीवरून वारा येत होता, पदर उडायला लागला, म्हणून त्यांनी त्याचं टोक ओढून सरळ कमरेला खोचलं.

डोकं. कंबर. ते मला कळलं त्याच क्षणी भैरूलाही कळलं. फरक एवढाच की मी खुर्चीपाशी होते आणि तो सुटला होता.

खराडीचा उंच पोरगा तेव्हा हात वर नेऊन, पाय उचलून, सगळं अंग वळवत होता. त्याच्या मागे कोणीतरी इंग्रजीत किंचाळलं. त्याने घाईघाईने फेकलं. कच्चा खेळाडू दांडा टाकून बाजूला पळाला, जीव वाचवायला. भैरू पोटावर घसरत आला, हात पुढे, तोंडात माती, आणि खराडीच्या पोराचा मोजा त्याच्या पाठीवर आपटायच्या आधी त्याची बोटं उंबऱ्याला लागली.

पंचाने दोन्ही हात पसरले. सुरक्षित!

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. गाव मैदानात घुसलं. हलगी कुठून आली कोण जाणे. हिंदुराव फेटा हातात घेऊन नाचत होते. मी, सदाशिव नाही, नारायण पेठेतली हेमा गानू, वय चौसष्ट, एका अनोळखी दूधवाल्याच्या गळ्यात पडून रडले. मला अतोनात आनंद झाला होता, आणि तो ज्याला सांगायचा तो माणूस नव्हता.

भैरूने येऊन मथुराबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाला, काकू, खूण बघितली आन् सुटलो, दुसरा इचारच केला न्हाई, गुरुजींचीच खूण. बाकीचे पण आले. एकेक जण पाया पडून गेला. मथुराबाई सगळ्यांच्या डोक्यांवर हात ठेवत होत्या आणि माझ्याकडे मोठ्या डोळ्यांनी बघत होत्या. गर्दी हटल्यावर त्या माझ्या कानाशी आल्या. "बाई, कसली खूण? भावजी म्होरं आले म्हनून पदर घेतला मी."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, हे तुमच्याजवळ आणि माझ्याजवळ राहू द्या. मग त्यांना हसू फुटलं. पदरात तोंड खुपसून त्या हसत राहिल्या, आणि त्या हसण्यातच त्यांचं रडं बाहेर आलं. "चाळीस वरसं," त्या म्हणाल्या, "चाळीस वरसं म्हनायचे, एकदा तरी माजं ऐक. आज त्यांच्या पोरांनी माजं ऐकलं बगा."

मी करंजाखाली जाऊन खुर्चीत बसले आणि फोन लावला. हे कसे बातमी सांगत ते मला माहीत होतं. जुन्या काळी घरून सांगत तेव्हा रात्री सगळी आळी ऐकायची. आधी निकाल, मग सामन्याला वळण कशाने मिळालं ते, मग नावं. विशेषणं नाहीत. श्रीधरने उचलला. मी म्हटलं, धायरी जिंकली, एका धावेने, शेवटच्या डावात उंबरा चोरून. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो म्हणाला, सांगा.

मी सांगत गेले. खराडीचा धोकादायक खेळाडू उंबऱ्यावर गेनबा पोकळे यांनी बाद केला. प्रशिक्षक सर्जेराव रायकर यांनी केलेल्या खुणेवर भैरू बेनकर यांनी तिसऱ्या पोत्यावरून उंबरा चोरला.

श्रीधरने मला थांबवलं. "काकू, रायकर मार्चमध्ये गेले. पोकळेही गेले. दोघांचे लेख अजून माझ्याच खणात आहेत."

"शेवटच्या डावात फळ्यावर नाव त्यांचंच असतं. मंडळाचा रिवाज आहे. सामना आम्ही कोणाच्या नावाने खेळलो, ते आम्ही ठरवायचं. तुमच्याकडे सामन्याच्या बातमीत खेळाडूंच्या नावाआधी कैलासवासी लावतात का?"

पलीकडे एक खण उघडला आणि बंद झाला.

"नाही," तो म्हणाला. "खेळलेल्या खेळाडूला नाही लावत." मग त्याचा आवाज जरा बदलला. "आणि बातमीखाली नाव कोणाचं घालू?"

"फळ्यावर जे आहे ते."

सोमवारी सकाळी अंक दारात पडला तेव्हा मी आधीच दारात उभी होते. क्रीडापानावर, क्रिकेटच्या डोक्यावर, तीन स्तंभ. 'धायरीची खराडीवर सनसनाटी मात.' गेनबा पोकळे यांचा भिंतीसारखा बचाव. भिंत मी घातली नव्हती, ती श्रीधरची. सर्जेराव रायकर यांची अचूक खूण. आणि खाली, डाव्या कोपऱ्यात, जिथे ते तीस वर्षं असायचं तिथे, श्यामसुंदर गानू. तिघांपैकी कोणीही गेलेलं नव्हतं.

मी अजून चष्मा काढला नव्हता एवढ्यात फोन वाजला. एक म्हातारे गृहस्थ होते, कर्वेनगरचे, जुने वाचक. गानू आहेत का, म्हणाले. म्हटलं, नाहीत, धायरीला गेलेत. ते म्हणाले, आज फार दिवसांनी त्यांची बातमी वाचली, मजा आली, त्यांना जरूर कळवा. आणि जाता जाता एक विचारायचं होतं. इतकं चांगलं लिहितात, मग क्रिकेटवर का लिहीत नाहीत?

"त्यावर लिहायला अख्खं गाव बसलंय," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. या वेळी आपटला नाही.